तुझी डिस्क उतरवली

विशाखा, परवा दुपारी तुझ्या घरी जाऊन तुझी डिस्क उतरवली.

मिलिंद नुसती पिन ओढणार होता. त्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला ऑफिसात होते. "आईले माह्याकडं अकोल्याले घेऊन येतो. घर बंद करून राहिलो. ताईचं कॉम्प्युटर उगाच चालू हाये, काढून टाकतो त्याची पिन," असं तो म्हणाला आणि मी "हात लावू नको" असं इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी चष्मा वर करून पाहिलं. तुझ्या भावाला वाटलं असेल, ताई गेली तेव्हाही ही एवढी ओरडली नव्हती. खरंच आहे ते. तेव्हा काय करतात हे मला कळत नव्हतं. चालू डिस्कची पिन ओढू नये, हे मात्र कळतं.

त्याआधी तुझ्या पुण्यानुमोदनाला अमरावतीला येऊन गेले होते. राजापेठेतल्या तुमच्या गल्लीत मांडव घातला होता, पलीकडच्या रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालूच होते. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. तुझ्या कॉलेजातले एक सर म्हणाले, विशाखा मॅडम अत्यंत मनमिळाऊ. मी मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून. लॅबमध्ये पेन ड्राइव्ह न उतरवता तसाच उपटणाऱ्या पोरांना बोलवायला हवं होतं साक्षीला. मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी नको म्हटलं. माझं तुझ्याशी भांडण अर्धवट राहिलं होतं, आणि ते काही मांडवात बोलण्यासारखं नव्हतं.

सगळे गेल्यावर तुझ्या आईनं मला आत बोलावलं. म्हणाली, "रेखा, तिनं तिच्या बाबाचा आवाज भरून ठेवला होता. सापडला काय वं कुठी?"

मी विचारलं, "म्हंजे सापडला नाई काय तिले?"

"कायचा सापडते. माह्यापाशी बसून रडली ना. म्हणे, आई, माह्या हातानं गेला बाबाचा आवाज."

तू कुणापाशी बसून रडलीस हेच मला आधी खरं वाटेना. आणि मला इतके दिवस वाटत होतं की तुला तो केव्हाच सापडलाय.

तुला हे सांगायला नको, पण हा मजकूर दुसरे लोकही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपण वापरतो त्या लिनक्स प्रणालीत डिस्क नुसती जोडून भागत नाही. तिला एक फोल्डर नेमून द्यावा लागतो, की बाई, तू इथं बस. मग त्या फोल्डरात गेलं की डिस्कवरचं सगळं दिसतं. ह्याला माउंट करणं म्हणतात. काम झालं की तिथून तिला रीतसर काढायचं, ते अनमाउंट. आपण दोघी आपसात चढवणं आणि उतरवणं म्हणायचो. तुझे बाबा एसटीत ड्रायव्हर. टपावर सामान चढवलं, उतरवलं, हेच शब्द तुझ्या घरात लहानपणापासून ऐकू येत असणार.

मी हे शिकले तुझ्याकडून, आणि तेही शिकवण्याच्या नोकरीवर असताना. राजापेठेतला तो क्लास, खाली साड्यांचं दुकान, वर जिन्यात इतक्या चपला की जाताना आपली सापडायची नाही. मी पातूरहून नवीनच आलेली. मला शिकवायला ठेवलं होतं आणि मलाच धड काही येत नव्हतं. तू आधीपासून तिथं होतीस. तू पहिल्याच आठवड्यात ओळखलंस की ही बाई पुस्तकातलं पाठ करून फळ्यावर उतरवते. कुणाला सांगितलं नाहीस. फक्त तुझ्या तासाला मला मागच्या बाकावर बसायला लावलंस, पोरांच्या वह्या तपासायच्या निमित्तानं.

अशाच एका तासाला तू टेबलावर एक चिठ्ठी ठेवलीस आणि तिच्यावर चहाचा ट्रे ठेवलास.

"हा टेबल म्हणजे फोल्डर. हा ट्रे म्हणजे डिस्क. आता टेबलावर काय दिसते?"

"ट्रे," पोरं म्हणाली.

"अन् चिठ्ठी? गेली काय?"

पोरं गोंधळली. एक जण म्हणाला, गेली.

"कुठी जाईन? पाय आहेत काय तिले?" तू ट्रे उचललास. "थिथंच आहे. डिस्क चढवली का फोल्डरातलं जुनं झाकल्या जाते. दिसत नाई, एवढंच. डिस्क उतरवली का पुन्हा दिसते."

ते मला आजतागायत तस्संच दिसतं, तो स्टीलचा ट्रे आणि त्यावरचे चहाचे गोल डाग. दुसरी एक गोष्ट तू त्याच तासाला सांगितलीस. कधी कधी डिस्क उतरत नाही, मशीन म्हणतं ती कामात आहे, म्हणजे कुणीतरी तिचा वापर करतंय. अशा वेळी माणूस आधी चोर शोधायला धावतो. आणि निम्म्या वेळेला तो स्वतःच त्या फोल्डरात उभा असतो. खाटेवर बसून खाट उचलायला निघाल्यासारखं. "पहिले आपण कुठी उभे आहो ते पाहाचं," हे तू पोरांना इतक्या वेळा सांगितलंस की ती पोरं ते तुझ्या पाठीमागे तुझ्या आवाजात म्हणायची.

मग तू कॉलेजात लॅब सांभाळायला गेलीस, मी अकोल्याला सरकारी ऑफिसात. आणि आपलं खरं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं, मशीन सुरू होताना वाचतं त्या फाइलीत एक ओळ लिहून टाकावी, म्हणजे डिस्क आपोआप चढते आणि चढलेलीच राहते. तुझं म्हणणं, कामापुरती हातानं चढवावी, काम झालं की उतरवावी.

"चढवून ठेवलेल्या डिस्कवरचं कोणाच्याही हातून पुसल्या जाते. उतरवलेल्या डिस्कले कोणी हात लावू शकत नाई."

"अन् एखाद्या दिवशी चढवाले विसरली तं?"

"मी नाई विसरत."

एवढ्यावर ते थांबायचं, आणि पुढच्या फोनला तिथूनच सुरू व्हायचं. दुसऱ्या बायका आपापसात काय बोलतात कोण जाणे. आपण हे बोलायचो.

माझ्या बाजूची फजिती अकोल्यात झाली. कुणीतरी माझ्या मशीनची जुनी डिस्क दुरुस्तीला काढून नेली, मला न सांगता. माझी ती ओळ फाइलीत तशीच. सकाळी मशीन सुरूच होईना, ते त्या नसलेल्या डिस्कची वाट पाहत बसलं. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे, बाहेर दाखल्यांसाठी लोक उभे, आणि माझी नोकरी अजून कच्ची. मी तुला फोन केला. तू फोनवर सांगितलं असतंस तरी भागलं असतं, पण तू बस पकडून आलीस. मला म्हणालीस, "मले तुयं तोंड पाहाचं होतं." मशीन अर्ध्यावर उठवलंस, फाइल उघडलीस, माझी ओळ खोडलीस. मशीन सुरू झालं. मग हळूच माझ्या कानाशी म्हणालीस, "एक पाव्हना आला नाई म्हणून सारी पंगत उपाशी बसवली काय वं?"

साहेबांनी विचारलं, काय झालं होतं. तू म्हणालीस, "डिस्क खराब होती, सर." ओळ कुणाची ते सांगितलं नाहीस. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत, कारण मानले असते तर तू वसकन अंगावर आली असतीस. आता येऊ शकत नाहीस, म्हणून मानते. त्या दिवशी तू आली नसतीस तर मी आज पातूरला एखाद्या शाळेत टायपिंग शिकवत असते.

आणि तरी तू बसमध्ये बसल्याबरोबर मी ती ओळ परत लिहिली. पाहुणा नाही आला तरी जेवायला बसा, एवढा एक शब्द फक्त पुढे जोडला. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "जिद्दी हायेस मोठी." त्यानंतर आपण एकमेकींच्या मशीनवर एकमेकींचं खातं उघडून ठेवलं. पासवर्डसकट, सगळ्या अधिकारांसकट. हा तुझाच आग्रह. "आपल्यातलं एखादं मेलंबिलं तं दुसरीनं येऊन नीट बंद कराव," असं तू भजं खाताखाता म्हणाली होतीस, आणि पुन्हा दुसऱ्या भज्याकडे वळलीस.

दुसरं एक भांडण होतं, ते लहान. डिस्क नीट उतरली की मशीन काहीच बोलत नाही. पुढची ओळ येते आणि कर्सर लुकलुकत राहतो. मी म्हणायचे, त्यानं झालं असं तरी म्हणावं, माणसाला बरं वाटतं. तुला ते पटायचं नाही. "झालं तं कायले बोलते? बिघडलं का बोलते थे." तू कौतुकही ह्याच नियमानं करायचीस, म्हणजे करायचीच नाहीस. वीस-पंचवीस पोरं तुझ्या हाताखालून चांगल्या नोकऱ्यांना लागली, त्यांतल्या एकालाही तू शाबास म्हटल्याचं मला आठवत नाही. ती सगळी मांडवात आली होती, मागं उभी होती.

आता बाबांच्या आवाजाचं.

तुझ्या बाबांनी अर्धं आयुष्य अमरावती-धारणी गाडी चालवली. निवृत्त झाल्यावर ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि कुणी ऐकणारं मिळालं की रस्ता सांगायचे. परतवाडा सोडल्यापासून एकेक वळण, कुठं गिअर बदलायचा, कुठं हॉर्न वाजवायचा नाही कारण पुढं रानगवे असतात, कुठल्या फाट्यावर कोरकू आदिवासी बाया कोंबड्या घेऊन चढायच्या. मीही ऐकलंय. सेमाडोहच्या पुढं जाईपर्यंत चहा दोनदा व्हायचा. तू ते काही संध्याकाळी तुझ्या मोबाइलवर भरून घेतलंस, मशीनवर टाकलंस. पुढे बाबा गेले. मोबाइल जुना झाला, तो देऊन तू नवीन घेतलास.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी आईनं तुला म्हटलं, तो आवाज लाव ना एकदा. तू डिस्क चढवलीस आणि मला फोन केलास.

"रेखा, बाबाचा आवाज नाई दिसून राहिला डिस्कवर."

"कुठी टाकला होता?"

"घर नावाच्या फोल्डरात. डिस्क थिथंच चढवतो ना मी. माह्या हातानं टाकला. मले पक्कं आठवते, कॉपी चालू होती तवा मी चहा ठेवला होता."

"मंग तू त्या दिवशी डिस्क चढवालेच विसरली असशीन."

तू म्हणालीस, "मी?"

"हौ, तू. अन्..."

फोन कट.

विशाखा, त्या 'अन्'च्या पुढे एक वाक्य होतं. अन् तसं असेल तर काहीच गेलेलं नाही, डिस्क उतरव आणि त्याच फोल्डरात बघ. डिस्क न चढवता तू फाइली टाकल्या असशील तर त्या नुसत्या फोल्डरात पडल्या असतील, आणि नंतर दरवेळी तू डिस्क चढवलीस की त्या झाकल्या जात असतील. तुझाच ट्रे, तुझीच चिठ्ठी. हे वाक्य तू ऐकून घेतलं नाहीस.

परत फोन का केला नाही, तर मला वाटलं, तिला कळलंच असणार. मला जे तुझ्याकडून कळलं ते तुला सांगायला मी कशाला हवी? पुढे एक-दोनदा आपण बोललो. तू तुमच्या कूलरचा पंप जळाल्याचं सांगितलंस, मिलिंदच्या पोरीच्या परीक्षेचं सांगितलंस, आवाजाचा विषयच काढला नाहीस. मी मनात म्हटलं, सापडला हिला, आणि रेखा बरोबर होती असं म्हणावं लागेल म्हणून बाईसाहेब विषय टाळतायत. तुझ्या स्वभावाला ते इतकं धरून होतं की मला शंकाही आली नाही. मी गालातल्या गालात हसले आणि मीही विषय काढला नाही. मग एके दिवशी फोन आला तो मिलिंदचा, तू गेल्याचा.

ह्यात कुणाचं काय चुकलं हे मी ठरवत बसणार नाही. तुला समोर बसवून ठरवलं असतं. एकटीनं ठरवण्यात काय मजा आहे?

तर परवा दुपारी मी तुमच्या हॉलमध्ये त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. कूलरला नवा पंप बसवलेला, खसाचा वास. वर भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यांच्या शेजारी तुझे बाबा, आणि आता तू. तुझा तो फोटो मला आवडला नाही, तू असं कधी हसायची नाहीस. आई आतल्या खोलीत सुपात गहू घेऊन बसली होती. मिलिंद खोक्यांना चिकटपट्टी लावत होता.

माझ्या खात्यानं आत गेले. सवयीनं पहिल्यांदा पाहिलं की मशीनवर आत्ता कोण कोण आहे. दोन नावं आली. एक माझं, एक तुझं. मशीनला कुणी कळवलं नव्हतं.

तिथं मी फार वेळ थांबले नाही. सोबत नवीन डिस्क नेली होती, तिच्यावर तुझ्या डिस्कवरचं सगळं घेतलं. जुनी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच ह्याचा भरवसा नसतो, हे तुझंच. सगळं घेऊन झाल्यावर त्यात बाबांचा आवाज शोधला. नव्हता. पोरांचे प्रकल्प होते, मिलिंदच्या लग्नाचे फोटो होते, तू लिहिलेल्या नोट्स होत्या. आवाज नव्हता.

मग डिस्क उतरवायला गेले. उतरेना. मशीन म्हणालं, कामात आहे.

कुणाच्या कामात, ते पाहिलं. तुझ्या. आज्ञा टाइप करायची तुझी एक काळी खिडकी त्या फोल्डरात उघडी होती. कामापुरती चढवा आणि लगेच उतरवा म्हणणारी तू, डिस्क चढवलेली ठेवून गेलीस. मी तुझ्या स्क्रीनवर गेले. घरच्या मशीनला तू कुलूप लावत नव्हतीस, त्यामुळे सगळं होतं तसंच समोर आलं. वरपासून खालपर्यंत नुसता शोध होता. बाबा. मग धारणी. मग घाट. मग सेमाडोह. मग पुन्हा बाबा. प्रत्येकाच्या खाली उत्तर म्हणून काही नाही, आणि लगेच पुढचा शोध. सगळ्यात शेवटी एक रिकामी ओळ आणि लुकलुकणारा कर्सर. तिथून उठून तू दवाखान्यात गेलीस आणि परत आली नाहीस.

तुला सापडला नव्हता. तू रुसली नव्हतीस, टाळत नव्हतीस. तू शोधत होतीस.

इथं मला रडू आलं. मांडवात आलं नव्हतं, तुला नेताना आलं नव्हतं, ते तिथं एका काळ्या खिडकीसमोर आलं, आणि चांगलं आलं. मिलिंदनं चिकटपट्टी खाली ठेवली आणि आत पाणी आणायला गेला. शहाणा आहे तुझा भाऊ.

मी ती खिडकी सक्तीनं बंद करू शकले असते, तेवढे अधिकार तू मला दिले होतेस. पण मी तुझ्याच कीबोर्डवर तुझ्या जागी बसून बाहेर पडण्याचा शब्द लिहिला आणि एंटर दाबलं. खिडकी मिटली. तुझं नाव यादीतून गेलं. मग डोळे पुसून माझ्या खात्यात आले आणि पुन्हा डिस्क उतरवायला सांगितलं.

कामात आहे, मशीन म्हणालं.

मी चिडले. आता कोण राहिलं? पुन्हा शोधलं, आणि जे नाव आलं ते पाहून मला हसूच फुटलं. माझं. बाबांचा आवाज शोधताशोधता मी त्याच फोल्डरात जाऊन उभी राहिले होते आणि तिथूनच डिस्क उतरवायला निघाले होते. तुझा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला की मी मागं वळून पाहणारच होते. पाणी घेऊन आलेला मिलिंद दारातच थांबला. आत्ता रडणारी बाई आता एकटीच हसत होती.

"काय झालं?" तो म्हणाला.

"तुयी ताई रागावून राहिली मले," मी म्हटलं.

बाहेर आले. डिस्क उतरवली. मशीन काही बोललं नाही. पुढची ओळ आली, कर्सर लुकलुकायला लागला. झालं असं म्हणायला काय हरकत होती, हे माझं मत अजून बदललेलं नाही.

आणि मग मी माझं वाक्य पुरं केलं. डिस्क उतरवलेल्या त्या फोल्डरात काय आहे ते मशीनला विचारलं. असं कुणी विचारत नाही. रिकामा आहे हे माहीत असलेल्या फोल्डरात कोण डोकावणार? तूही नाही डोकावलीस, मीही एरवी डोकावले नसते.

होत्या. बाबा-घाट, बाबा-सेमाडोह, बाबा-हरिसाल, बाबा-पावसातली गाडी. तुझ्या पद्धतीनं नावं दिलेल्या, मधे आडवी रेघ देऊन. चहा ठेवला होतास त्या संध्याकाळपासून त्या तिथंच होत्या. तू म्हणालीस तसंच, 'घर'मध्येच टाकल्या होत्यास. आणि मी म्हणाले तसंच, डिस्क चढवायला विसरली होतीस. म्हणजे आपलं भांडण बरोबरीत सुटलं, आणि मला ह्याचा जितका आनंद व्हायला हवा तितका झाला नाही.

आधी दोन ठिकाणी कॉपी केल्या. त्याआधी ऐकायला घेतल्या असत्या तर तू माझा हात धरला असतास. मग आईला हाक मारली. ती सूप घेऊनच बाहेर आली, खुर्चीवर बसली नाही, खाली भिंतीला टेकून बसली. मी पहिली फाइल लावली.

पहिला आवाज बाबांचा नव्हता. तुझा होता. "थांबा बाबा, अजून चालू नाई झालं." चालू झालं होतं, तुला कळलं नव्हतं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, तू खोकलीस, लांबून कुणाची तरी गाडी गेली. "हं. आता बोला."

"काय बोलू?"

"रस्ता सांगा."

"मंग आईक. परतवाड्याच्या पुढं गेलं का गाडी आपली नाई राहत. थे रस्त्याची होते. तो म्हणन तसं चालवाव लागते."

मिलिंद दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. आई गव्हातले खडे वेचत होती, ती थांबली नाही. बाबा वळणं सांगत होते, तू मधूनमधून "मंग?" म्हणत होतीस. एका ठिकाणी बाबा वळण चुकले आणि तू त्यांना टोकलंस, आणि दोघांची तिथंच जुंपली की फाटा आधी की पूल आधी. आई पहिल्यांदा हसली ती तिथं. म्हणाली, "पूल पहिले हाये. दोघंबी येडे."

फाइल संपल्यावर तिनं पुन्हा लाव म्हटलं नाही. सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"रेखा, तिले सांगजो वं. माह्या हातानं गेलं म्हणत गेली थे पोरगी. सांगजो, सापडलं म्हणा."

कसं सांगू, असं मी विचारलं नाही. हौ म्हटलं.

तर विशाखा, सापडलं. तुझ्या हातानं काहीच गेलं नव्हतं. तू ठेवलंस तिथंच होतं.